कार्डवरच्या दोन रेघा

ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज सिस्टरचा दिवस आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. उद्याची यादी हातात येते. नाव, वय, शस्त्रक्रिया, भूल कोणती, हिमोग्लोबिन, साखर आणि शेवटच्या रकान्यात ‘मार्कर’. त्यात तीन तपासण्या असतात: एचआयव्ही, हिपॅटायटिस सी आणि एचबीएसएजी. हिपॅटायटिस बीच्या विषाणूच्या आवरणातलं प्रथिन रक्तात सापडतं का, ते ही तिसरी तपासणी सांगते. बोटभर लांबीचं कार्ड, त्यावर रक्ताचे दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर निगेटिव्ह, दोन उमटल्या तर पॉझिटिव्ह. मी १९८६ साली रुजू झाले तेव्हा हा रकाना आमच्या यादीत नव्हताच. २०१९ साली निवृत्त झाले तेव्हा तो भरल्याशिवाय ठरलेल्या शस्त्रक्रियेचा रुग्ण थिएटरच्या दारातून आत येत नसे. या ३३ वर्षांत त्या रकान्याचं आम्ही काय केलं आणि काय करायला हवं होतं, ते लिहून ठेवते आहे.

१. रक्त घेण्याआधी सांगावं, कशासाठी घेतोय

जुन्या लॅबच्या चिठ्ठीवर या तपासणीचं नाव ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ असं छापलेलं असे. मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेला आलेले एक शेतकरी काका ती चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले. “बाई, ह्यात ऑस्ट्रेलिया कशाला लिवलंय? मला कुठं न्यायचं हाय का?” माणूस खरोखर घाबरला होता. त्यांना कळेल असं उत्तर तेव्हा मलाही देता आलं नाही. नंतर आमच्या सर्जन सरांना विचारलं, वाचलं. बारुख ब्लमबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात हे प्रथिन पहिल्यांदा सापडलं, त्याचा शोधनिबंध १९६५ साली आला आणि पुढे १९७६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्या शोधाचं नाव आमच्या तालुक्याच्या लॅबच्या चिठ्ठीवर येऊन बसलं होतं.

आपल्या लोकांकडे या आजाराला स्वतःचा शब्द आहे: पांढरी कावीळ. पण कावीळ म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर पिवळे डोळे, गळ्यातली माळ आणि पथ्य येतं. हा विषाणू मात्र कित्येकांच्या रक्तात वीस-वीस वर्षं राहतो, डोळे पिवळे होत नाहीत, भूक जात नाही, शेतातलं काम थांबत नाही. म्हणून मी एक वाक्य ठरवून घेतलं. रक्त घेताना प्रत्येकाला तेच सांगायचं: “काका, यकृताला सूज आणणारा एक विषाणू असतो, तो त्रास न देताही अंगात राहतो. तो तुमच्यात आहे का, ते बघतोय. असला तर शस्त्रक्रिया थांबणार नाही, पण तुम्हाला औषधाची गरज आहे का ते कळेल.” हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. हे अर्धं मिनिट आम्ही कित्येक वर्षं दिलं नाही.

२. वॉर्डातला वस्तरा

सुरुवातीच्या काळात काचेच्या सिरिंज उकळून वापरायचो. हातमोजे धुवायचे, वाळवायचे, पावडर लावून पुन्हा ड्रममध्ये भरायचे. एकदा वापरून फेकण्याची चैन नव्हती. त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त बोचतो तो वस्तरा. हर्निया, हायड्रोसील, अपेंडिक्स यांच्या रुग्णांचे केस आदल्या संध्याकाळी काढले जायचे. बाहेरून एक न्हावीकाका यायचे. चार पलंग, चार रुग्ण आणि पात एकच, मध्ये एकदा डेटॉलच्या पाण्यात बुडवलेली. दुसऱ्या दिवशी त्याच चौघांसाठी आम्ही थिएटरमध्ये निर्जंतुक चादरी उलगडत होतो.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस तग धरतो. पातीवर नुसत्या डोळ्यांना न दिसणारं रक्त त्याला पुरतं. हे मला कळलं त्या आठवड्यात मी प्रत्येक रुग्णाच्या नातेवाइकाला स्वतःचं नवं ब्लेड आणायला सांगायला लागले. आता तर आदल्या दिवशी वस्तरा फिरवूच नये, गरज असेल तरच आयत्या वेळी क्लिपरने केस कापावेत, असं सगळीकडे सांगितलं जातं. २००९ साली गुजरातमधल्या मोडासा गावात हिपॅटायटिस बीची साथ आली आणि कित्येक माणसं गेली. वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्याचं त्यात उघड झालं. त्या बातम्या वाचताना मला आमच्या वॉर्डातला तो वस्तरा आठवत होता.

३. लस आधी, तपासणी नंतर

१९९६ चा पावसाळा. रात्री दोन वाजता अडकलेल्या हर्नियाची केस आली. आतडं काळं पडायच्या आत उघडायचं होतं. अशा वेळी कार्डाची वाट बघत कुणी थांबत नाही, थांबूही नये. टाके घालताना सरांनी नीडल होल्डर परत दिला, मी घ्यायला हात पुढे केला आणि सुई डाव्या तर्जनीत गेली. हातमोज्याच्या आत रक्ताचा थेंब दिसला. बोट पिळून पिळून रक्त काढत बसले. ते करायचं नसतं. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं असतं, एवढंही तेव्हा आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. सकाळी त्या रुग्णाचं रक्त पाठवलं. पॉझिटिव्ह.

मी लस घेतलेली नव्हती. दहा वर्षं थिएटरमध्ये काम करत होते आणि लस घेतली नव्हती. परदेशी लस मिळत होती, पण तीन डोसांचा खर्च त्या पगारात मोठा वाटायचा. आज घेऊ, उद्या घेऊ म्हणत राहिले. मग तयार प्रतिपिंडांच्या, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनच्या, इंजेक्शनसाठी भाऊ एसटीने पुण्याला गेला. हे इंजेक्शन शक्यतो २४ तासांच्या आत द्यायचं असतं. तो बर्फाच्या थर्मासमध्ये ते घेऊन रात्री अकराला परतला. त्याच वेळी लसीचा पहिला डोस घेतला. पुढचे सहा महिने कसे काढले ते मलाच ठाऊक. धाकटी तेव्हा दोन वर्षांची होती. माझ्या बोटाला जरा खरचटलं तरी मी तिला उचलून घेत नसे.

मला काही झालं नाही. पण आकडे तेव्हाच पाठ झाले. एचआयव्हीग्रस्ताच्या रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीच्या सुईने ती शंभरात सहापासून तीसपर्यंत जाते, रुग्णाच्या रक्तात विषाणू किती आहे त्यावर. आणि आमच्या थिएटरमध्ये सगळे घाबरायचे ते एचआयव्हीला. एचआयव्हीची केस म्हटली की हात थरथरायचे, हिपॅटायटिस बी म्हटलं की “ठीक आहे, घ्या”. ज्याच्यावर पक्की लस आहे त्या विषाणूला आम्ही किरकोळ समजलो आणि लसही घेतली नाही.

पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशातच बनवलेली लस बाजारात आणली आणि किमती खाली आल्या. त्यानंतर माझ्या थिएटरमध्ये नवं माणूस आलं की मी पहिला प्रश्न विचारायचे: “तीन डोस झाले का?” शून्य, एक आणि सहा महिने. आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, म्हणजे टायटर, दहाच्या वर गेलंय का ते बघायचं. डोस घेऊनही काहींच्या अंगात प्रतिकार तयार होत नाही. त्यांना टायटरचा कागद हातात पडेपर्यंत आपण सुरक्षित आहोत असंच वाटत असतं.

४. एक रेघ म्हणजे अभय नव्हे

अपेंडिक्सचा विशीतला मुलगा. मार्कर सगळे निगेटिव्ह. अडीच महिन्यांनी तो पिवळे डोळे घेऊन आमच्याच ओपीडीत आला आणि आता कार्डवर दोन रेघा होत्या. विषाणू अंगात शिरल्यापासून तो तपासणीत दिसेपर्यंत काही आठवडे जातात. त्या काळातलं रक्त निगेटिव्ह येतं आणि लागण करू शकतं. तो मुलगा आमच्याकडे आला तेव्हाच तो विषाणू त्याच्यात होता, की आमच्याकडून घेऊन गेला, हे मला आजही सांगता येणार नाही. सुदैवाने तो पूर्ण बरा झाला. मोठ्या वयात लागण झालेल्यांपैकी बहुतेक जण होतात.

त्या दिवसापर्यंत आमच्याकडे दोन तऱ्हेची शस्त्रक्रिया व्हायची. पॉझिटिव्ह असेल तर पिवळ्या पुड्यातलं ‘एचआयव्ही किट’, दोन-दोन हातमोजे, चष्मा, गमबूट, सगळे सावध, आवाज हळू. निगेटिव्ह असेल तर घाई, गप्पा, हातातून हातात सुई. हातांना निगेटिव्ह कागदाची सवय लागते आणि हात सैल पडतात. मी सरांशी बोलले. सर तापट होते, पण ऐकणारे होते. सुई-ब्लेड कुणी कुणाच्या हातात द्यायचं नाही, किडनी ट्रेमध्ये ठेवायचं, दुसऱ्याने तिथून उचलायचं. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही. चष्मा सगळ्यांना, सगळ्या केसेसना. रात्रीच्या सिझेरियनलासुद्धा. पहिले दोन महिने सगळ्यांची चिडचिड झाली. नंतर सुई टोचल्याच्या नोंदी आमच्या वहीत फार कमी येऊ लागल्या.

५. पॉझिटिव्ह म्हणून शेवटचा नंबर

ही चूक माझ्या हाताने झाली आहे. यादी मी लिहायचे आणि दोन रेघांचा रुग्ण मी न विचारता तळाला टाकायचे. सगळीकडे तसंच करत. कारण सांगायचो: नंतर थिएटर धुवावं लागतं.

पित्ताशयाचे खडे असलेले एक आजोबा, वय सत्तरीचं, मधुमेह. रात्री दहापासून तोंडात पाण्याचा थेंब नाही. मधल्या केसेस लांबल्या. दुपारी साडेतीनला त्यांची साखर घसरली, अंगाला घाम फुटला आणि भूलतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. संध्याकाळी मी वॉर्डात गेले तर ते म्हणाले, “बाई, माझ्यानंतर आलेली पोरं आत जाऊन आली. माझंच काय चुकलं?”

मी त्या रात्री झोपले नाही. १२१ अंशांची वाफ, पंधरा पौंडांचा दाब आणि वीस मिनिटं: आमचा ऑटोक्लेव्ह प्रत्येक ट्रेला हेच देत होता. त्यात हा विषाणू टिकत नाही. फरशीला, टेबलाला एक टक्क्याचं हायपोक्लोराइट प्रत्येक केसनंतर फिरवायलाच हवं. म्हणजे जी सफाई पॉझिटिव्ह रुग्णानंतर करायची ती सगळ्यांनंतर करायची असते. ती आम्ही करत नव्हतो, म्हणून आजोबांना दिवसभर उपाशी ठेवत होतो. दुसऱ्या दिवशी यादीत त्यांचं नाव सर्वांत वर लिहिलं. मधुमेही आधी, लहान मुलं आधी, म्हातारी माणसं आधी, मार्कर काहीही असो. नियम एवढाच ठेवला आणि निवृत्त होईपर्यंत मोडू दिला नाही.

६. लाल स्टिकर

पॉझिटिव्ह रुग्णाच्या पलंगावर, केसपेपरच्या वरच्या पानावर, सलाईनच्या स्टँडवर लाल स्टिकर लावायची पद्धत काही ठिकाणी होती, काही ठिकाणी अजून आहे. वॉर्डात ज्याला वाचता येत नाही त्यालाही रंग कळतो. एका मुलीचं गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर ठरलेलं लग्न मोडलं, कारण भेटायला आलेल्या होणाऱ्या सासूने स्टिकरचा अर्थ शेजारच्या पलंगावर विचारला. हा आजार एका ताटात जेवून, हात धरून, एका खोलीत झोपून होत नाही. रक्तातून होतो, शरीरसंबंधातून होतो, बाळंतपणात आईकडून बाळाला होतो. ज्या मुलाशी तिचं लग्न ठरलं होतं त्याला तीन इंजेक्शनं पुरली असती. रिपोर्ट रुग्णाला एकट्याला, बसवून सांगायचा. कुणाला सांगायचं ते त्याने ठरवायचं, आपण समजावायचं.

७. मावशींचा नंबर कधी?

थिएटरमध्ये सर्जनने लस घेतलेली असते, भूलतज्ज्ञाने घेतलेली असते, हळूहळू सिस्टरांनीही घेतली. शस्त्रक्रिया संपल्यावर रक्ताने भिजलेल्या चादरींचं गाठोडं उचलतात त्या मावशी. चादरीच्या घडीत राहिलेली सुई त्यांनाच टोचते. आमच्या एका कंत्राटी मावशींना अशी सुई लागली आणि त्यांनी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. त्यांना वाटलं, कामावरून काढतील. त्या दोन दिवसांची आठवण झाली की आजही राग येतो, मावशींचा नव्हे.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. कंत्राटदार बदलतो, माणसं बदलतात आणि वही कोरी राहते. मी शेवटच्या तीन वर्षांत मावशी आणि मामांची वेगळी वही केली: नाव, तीन तारखा, टायटर. दुसरं काही केलं नसतं तरी या वहीचं मला समाधान वाटतं.

८. दोन रेघा कुणासाठी?

एक शेतमजूर, वय पस्तिशीचं, हर्नियासाठी आले होते. मार्कर पॉझिटिव्ह. आम्ही किट वापरलं, त्यांना शेवटी घेतलं, नीट शस्त्रक्रिया केली, सातव्या दिवशी टाके काढले, घरी पाठवलं. आठ-नऊ वर्षांनी ते पुन्हा आले, पोटात पाणी भरलेलं, पाय सुजलेले, पहाटे रक्ताची उलटी झालेली. सोबत बायको आणि दोन मुलगे. मी रेकॉर्ड रूममधून त्यांची जुनी फाईल काढून आणली. त्यात तो कागद होता. एचबीएसएजी पॉझिटिव्ह, भोवती लाल पेनाने काढलेलं वर्तुळ. वर्तुळ माझ्याच हातचं.

मी त्यांच्या बायकोला विचारलं, “तेव्हा तुम्हाला काही सांगितलं होतं का?” ती म्हणाली, “न्हाई बाई. जड उचलू नका, एवढंच सांगितलं हुतं.”

डिस्चार्ज कार्डवर या रिपोर्टचा उल्लेखही नव्हता. आम्हाला कळलं, आम्ही स्वतःला जपलं आणि ज्याचं रक्त होतं त्याला सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ते गेले. नंतर घरच्यांची तपासणी केली. थोरला मुलगा पॉझिटिव्ह निघाला.

त्यानंतर माझ्यासाठी या तपासणीचा अर्थच बदलला. तिच्यामुळे थिएटरला काय कळतं यापेक्षा रुग्णाला काय मिळतं, हे मी विचारू लागले. दोन रेघा आल्या की पुढची वाट ठरलेली आहे. आधी यकृताच्या तपासण्या, सोनोग्राफी, रक्तात विषाणू किती आहे ते मोजणं. यकृताला ताजी सूज असेल तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलणं, कारण त्या अवस्थेत भूल आणि शस्त्रक्रिया दोन्ही जिवावर बेतू शकतात. प्रत्येकाला गोळी लागत नाही. ज्याला लागते त्याला टेनोफोव्हिरची रोज एक गोळी, बहुधा वर्षानुवर्षं, आणि ज्याला लागत नाही त्याला दर सहा महिन्यांनी तपासणी. छातीतली गाठ काढायला आलेल्या बाईंच्या बाबतीत तर हे आधीच कळायला हवं, कारण शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीत शांत बसलेला विषाणू उसळतो आणि कॅन्सर आटोक्यात येत असताना यकृत कोसळतं. केमोच्या आधी गोळी सुरू केली की हे बहुतेक वेळा टळतं.

आणि मग घर. नवरा, बायको, मुलं, भावंडं, आई. तान्ह्या वयात लागण झालेल्या शंभर बाळांपैकी सुमारे नव्वदांच्या अंगात हा विषाणू कायमचा राहतो. मोठ्या माणसांत हे प्रमाण पाचाच्या आत असतं. म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला पहिली लस. त्या शेतमजुराला हा विषाणू बहुधा लहानपणीच मिळाला असावा, तेव्हा ही लस गावात नव्हती. २०११ पासून ती देशभराच्या सरकारी लसीकरणात आहे. २८ जुलै २०१८ रोजी, ब्लमबर्ग यांच्या जन्मदिवशी, राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ साली भारतात जवळपास तीन कोटी लोकांच्या अंगात हा विषाणू होता. त्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊक नाही. काहींना मात्र केवळ हर्निया झाला, खडे झाले, पाय मोडला म्हणून एका कार्डावर ते एकदा दिसून गेलं आहे आणि कुणी सांगितलेलं नाही.

त्या थोरल्या मुलाला गोळी सुरू झाली. तो दर सहा महिन्यांनी येतो, मी निवृत्त झाल्यावरही फोन करून रिपोर्ट वाचून दाखवतो. धाकट्याचे तीन डोस झाले, आईचेही.

तुमच्या घरात कुणाची कधी शस्त्रक्रिया झाली असेल, अगदी दहा वर्षांपूर्वी, तर कपाटातली ती प्लॅस्टिकची पिशवी आज खाली काढा. फाईलमध्ये मागच्या बाजूला लॅबचे कागद असतात. त्यात एचबीएसएजी किंवा ऑस्ट्रेलिया अँटिजेन अशी एक ओळ शोधा आणि तिच्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. पॉझिटिव्ह असेल तर तो कागद घेऊन जिल्हा रुग्णालयात जा.